पुरलेल्या पैशाची बातमी

मी पायाळू आहे. म्हणजे जन्मताना माझे पाय आधी बाहेर आले. पायाळू माणसाच्या डोळ्यांत अंजन घातलं की त्याला जमिनीतलं धन दिसतं, अशी आपल्याकडची जुनी समजूत. मी तीन-चार वर्षांचा असताना एक गृहस्थ ‘पोराला एका रात्रीपुरतं द्या’ म्हणत घरी आले होते. अम्मीने केरसुणी उगारून त्यांना गल्लीच्या टोकापर्यंत पोचवलं. ते दिवस हसण्यावारी नेण्याचे नव्हते. १९७२ ते १९७४ या काळात परभणी जिल्ह्यातल्या मानवतमध्ये बायका आणि कोवळ्या मुली मारल्या गेल्या. त्या प्रकरणातही गुप्तधनाची अंधश्रद्धा होतीच. महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला, त्यात गुप्तधनाच्या नावाने चालणारे अघोरी प्रकार घातले आहेत, ते उगाच नाहीत.

त्यामुळे भाचा जेव्हा म्हणाला, ‘मामू, पुराने पेपरां देखे तो लोटे का पता लगेगा,’ तेव्हा मी आधी रागावलोच. पण त्याच्या डोक्यात अंजन नव्हतं की मांत्रिक नव्हता. परदेशात काही हौशी लोक गावोगावची जुनी वर्तमानपत्रं वाचून पुरलेल्या पैशाचा माग काढतात, हे त्याने कुठेतरी पाहिलं होतं. आणि त्याचा मामू कवितेच्या नादाने ग्रंथालयात जुने अंक चाळत बसतो, हे त्याला ठाऊक होतं.

लोट्याची गोष्ट आमच्या घरातली. सप्टेंबर १९४८, पोलीस ॲक्शनचे दिवस. आजोबांनी तांब्याच्या लोट्यात रुपये भरले, ते गोठ्यात पुरले आणि बायकापोरांना घेऊन रातोरात गाव सोडलं. परत जाणं झालंच नाही. दादी लोट्याचं वजन शेवटपर्यंत सांगायची, आणि ते दरवर्षी थोडं वाढायचं.

आता जुन्या अंकांत पाहायचं काय? पहिला धडा हा, की ‘धन सापडले’ ही बातमी शोधणाऱ्याच्या उपयोगाची नसते. ते धन केव्हाच गेलेलं असतं. उपयोगाची बातमी ती, जिच्यात धनाचा उल्लेखच नसतो. सावकार अचानक वारला. दरोडेखोरांच्या हाती काही लागलं नाही. अमक्या वाड्याचा लिलाव आहे. तमकं कुटुंब गाव सोडून गेलं. अशा दोन-तीन बातम्या एकमेकींना जुळल्या, की मग खरेदीखतं आणि जमिनीचे जुने उतारे काढून जागा ठरवायची.

दुसरा धडा तारखेचा. निजामाच्या राज्यात फसली सन चाले. त्यात ५९० किंवा ५९१ मिळवले की इसवी सन येतो. घरातले म्हातारे ‘सत्तावन साली’ म्हणतात, तेव्हा ते १३५७ फसली असू शकतं, म्हणजे १९४७-४८. हे कळलं नाही तर माणूस नऊ-दहा वर्षं पुढचे अंक चाळत बसतो. शिवाय निजाम सरकारच्या बंदीमुळे ‘मराठवाडा’सारख्या पत्राला नावं बदलून निघावं लागलं होतं. एका नावाची फाइल संपली म्हणजे पत्र संपलं असं नाही. सरहद्दीपलीकडच्या सोलापूरची पत्रंही म्हणूनच पाहावी लागतात.

तिसरा धडा नाण्याचा. हैदराबादचा हाली रुपया चारमिनारच्या चित्राचा. सात हाली म्हणजे सहा कलदार, असा हिशेब होता. १९५० च्या दशकात तो चलनातून गेला, उरली ती चांदीची किंमत. नोटा पुरल्या असतील तर त्या वाळवीने खाल्ल्या. वाळवीतून वाचलेल्या मोठ्या नोटा १९४६ आणि १९७८ च्या नोटाबंदीत बाद झाल्या.

आम्ही दोघं सहा महिने वाचत होतो. १९४८ च्या पूर्वार्धात रझाकारांच्या भीतीने हिंदू कुटुंबं घरं सोडून सोलापूर-बार्शीकडे निघाली होती. सप्टेंबरनंतर गाव सोडणारी माणसं आमची होती. भाचा वहीत तारखा लिहून घेत होता. एका दुपारी तो म्हणाला, ‘मामू, त्या वर्षी गोठ्यात पुरलं नाही असं घर तरी होतं का?’

मग १९५५ च्या एका अंकात आठ ओळी सापडल्या. आमच्याच गावी पडक्या घराच्या जागेवर पाया खोदताना मजुरांना तांब्याचा लोटा मिळाला. आत हाली रुपये. ऐवज तहसीलमध्ये जमा, हक्क सांगणाऱ्यांनी मुदतीत हजर व्हावे.

इथे कायदा सांगायला हवा. १८७८ चा निखात निधी कायदा आजही लागू आहे. जमिनीत दहा रुपयांहून जास्त किमतीचं धन सापडलं तर कलेक्टरला लेखी कळवावं लागतं. लपवलं तर सापडणाऱ्याचा हिस्सा जातो आणि वर एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. कलेक्टर जाहीर नोटीस काढतो. सुनावणीची तारीख तिच्यानंतर चार ते सहा महिन्यांतली असते. धन शंभर वर्षांच्या आत पुरलेलं असेल तर पुरणारा किंवा त्याचे वारस दिवाणी कोर्टात हक्क सिद्ध करू शकतात. नोटिशीप्रमाणे हजर न होणाऱ्याचा हक्क मात्र संपतो. धन बेवारस ठरलं तर साधारणपणे सापडणाऱ्याला पाऊण आणि जागामालकाला पाव हिस्सा.

हाच हिशेब लावला तर १९५५ साली आमचा हक्क शाबूत ठरला असता. दादी तेव्हा होती, आजोबाही होते. पण नोटीस मराठीत होती. दोघांना उर्दू येत होतं, मराठी वाचणारं आमच्या घरात तेव्हा कुणी नव्हतं. ती अक्षरं मी ज्या भाषेत कविता लिहितो तिचीच. पुन्हापुन्हा वाचली.

लोटा आमचाच, असं तरी कसं म्हणू? त्याच गल्लीतलं एक व्यापारी कुटुंब आमच्या आधी चार महिने निघून गेलं होतं. तांब्याचे लोटे त्यांच्याकडेही असणार, आणि चारमिनारच्या रुपयावर पुरणाऱ्याचं नाव नसतं. भाच्याने धातू शोधायचं यंत्र भाड्याने आणलं होतं, ते त्याने दुसऱ्या दिवशी परत केलं.

अम्मीला बातमी वाचून दाखवली. तिने पदर सारखा केला आणि विचारलं, ‘मजदूरां को कुछ मिल्या क्या?’

आम्ही पुढच्या वर्षभराचे अंक पाहिले. त्याची बातमी कुठेच नाही.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)