धिरड्याचा हिशेब

100 ग्रॅम ज्वारीच्या पिठात साधारण 340 कॅलरी असतात. त्याची भाकरी थापा नाहीतर धिरडी घाला, पिठातला आकडा बदलत नाही. तरीही भाकरी पथ्याची आणि धिरडे चैनीचे, असा समज आहे. तो पूर्ण चुकीचाही नाही. भाकरी तव्यावर तेलाशिवाय भाजली जाते, धिरड्याला तेल लागते. प्रश्न आहे तो किती तेल लागते याचा, आणि सोबत ताटात काय येते याचा. एवढे नीट मोजले, तर वजनावर लक्ष ठेवणाऱ्यालाही आठवड्यातून दोन-तीनदा धिरडी खुशाल खाता येतील.

सोलापूरकराला पीठ शोधायला लांब जावे लागत नाही. रब्बीची मालदांडी ही इथलीच ज्वारी, तिचे प्रसिद्ध वाण मोहोळच्या संशोधन केंद्रावर निवडले गेले. मंगळवेढ्याच्या ज्वारीला तर 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाले. 100 ग्रॅम ज्वारीत सुमारे 10 ग्रॅम प्रथिने आणि जवळपास तेवढेच तंतू असतात. मैद्यात प्रथिने साधारण तेवढीच, पण तंतू फारच कमी. न्याहारीनंतर पोट किती वेळ भरलेले राहते, यात या तंतूंचा मोठा वाटा असतो.

पीठ: वजन करा, धिरडी मोजू नका

‘एका धिरड्यात किती कॅलरी?’ या प्रश्नाला नेमके उत्तर नाही. कुणाचे धिरडे बशीएवढे, कुणाचे तवाभर. शिवाय भाजताना पाणी उडून जाते आणि वजन घटते, कॅलरी मात्र तेवढ्याच राहतात. म्हणून तयार धिरडे तोलून उपयोग नाही. पीठ कोरडे असतानाच तोलायचे. वजनकाटा नसेल, तर आपली रोजची वाटी सपाट भरून एकदा दुकानातल्या काट्यावर तोलून आणावी. पुढे त्याच वाटीने माप घ्यावे.

एका माणसाच्या न्याहारीसाठी हे प्रमाण पुरते:

- ज्वारीचे पीठ 50 ग्रॅम: सुमारे 170 कॅलरी
- बेसन 20 ग्रॅम: सुमारे 75 कॅलरी
- दोन मोठे चमचे दही, एक लहान कांदा, मूठभर मेथी किंवा कोथिंबीर, हिरवी मिरची, जिरे, हळद, मीठ: सगळे मिळून 35 कॅलरी

बेरीज 280. यात मध्यम आकाराची तीन धिरडी होतात.

बेसन दोन कारणांसाठी घालायचे. ज्वारीत ग्लुटेन नसते, त्यामुळे गव्हासारखी चिकट पकड तिला येत नाही आणि नुसत्या ज्वारीचे धिरडे उलटताना तुटते. बेसन ते धरून ठेवते. दुसरे कारण प्रथिनांचे. बेसनात ती ज्वारीच्या दुप्पट असतात, त्यामुळे या तीन धिरड्यांत नऊ-दहा ग्रॅम प्रथिने मिळतात.

पिठात निम्मे पाणी कडकडीत गरम घालावे. त्याने ज्वारीतला स्टार्च थोडा फुलतो आणि मिश्रण एकजीव होते. मग दही, भाज्या आणि उरलेले पाणी घालून पीठ पळीवाढे करावे आणि पंधरा मिनिटे झाकून ठेवावे. विरी गेलेल्या पिठाच्या भाकऱ्या थापता येत नाहीत, पण बेसनाच्या आधाराने त्याची धिरडी होतात. मात्र पिठाला खवट वास येत नाही ना, ते आधी पाहावे.

पोट भरायचे आणि आकडा वाढवायचा नसेल, तर किसलेला दुधी, काकडी किंवा कोबी घालावा. 100 ग्रॅम दुधीच्या पंधराच्या आसपास कॅलरी होतात. फक्त या भाज्यांना पाणी सुटते, तेव्हा पाणी बेताने घालावे.

तेल: खरा फरक इथे

तेलाच्या प्रत्येक ग्रॅममध्ये 9 कॅलरी. चहाचा एक चमचा तेल म्हणजे सुमारे 40. करडई, शेंगदाणा, सूर्यफूल, सगळ्यांचा आकडा सारखाच. ‘हलके तेल’ म्हणून कॅलरी कमी होत नाहीत.

आता बाटलीतून तेल सोडत धिरडी घातली, तर काय होते ते पाहा. प्रत्येकाखाली एक चमचा आणि कडेने एक चमचा, म्हणजे तीन धिरड्यांना सहा चमचे. 240 कॅलरी! ज्वारी आणि बेसन मिळून जेवढे देतात, जवळजवळ तेवढ्या नुसत्या तेलाच्या. 280 ची न्याहारी 520 वर जाते. तेच तिन्ही धिरड्यांत मिळून एकच चमचा वापरला, तर ती 320 वर थांबते.

एका चमच्यात भागवायची रीत जुनीच आहे. लोखंडी किंवा बिडाचा तवा चांगला तापू द्यावा. चमचाभर तेल वाटीत काढून घ्यावे आणि बाटली कपाटात ठेवून द्यावी. अर्धा कापलेला कांदा काट्याला टोचून तेलात बुडवावा आणि तव्यावर फिरवावा. पीठ पसरून लगेच झाकण ठेवावे. वाफेने वरची बाजू शिजते, कडेने तेल सोडावे लागत नाही. कडा आपोआप सुटू लागल्या की उलथने घालावे. त्याआधी घाई केली तर धिरडे चिकटते आणि हात पुन्हा तेलाकडे जातो.

ताटातली सोबत

सोलापुरात धिरड्याशेजारी शेंगा चटणी येणारच. शेंगदाणे पौष्टिक खरे, पण 100 ग्रॅम दाण्यांत साडेपाचशेच्या आसपास कॅलरी असतात. एक मोठा चमचा चटणी 65 कॅलरींच्या जवळ जाते, वर चमचाभर तेल घेतले की शंभरी पार. चटणी सोडायची गरज नाही. एक चमचा घ्यावी आणि तेलाऐवजी दह्यात कालवावी. वाटीभर म्हणजे 100 ग्रॅम साधे दही 60 कॅलरी आणि तीन ग्रॅम प्रथिने देते. अशी संपूर्ण न्याहारी साडेचारशेच्या आत बसते.

मुलांना हॉटेलातल्यासारखे मैद्याचे पॅनकेक हवे असतात. त्याचाही हिशेब करू. 70 ग्रॅम मैदा, एक अंडे, अर्धा कप दूध आणि एक मोठा चमचा साखर मिळून सव्वाचारशेच्या आसपास. वर मोठा चमचा लोणी शंभर आणि दोन मोठे चमचे मध सव्वाशे. एकूण साडेसहाशे, त्यातल्या सव्वादोनशे नुसत्या वरच्या सजावटीच्या. लोणी-मध काढून मूठभर डाळिंबाचे दाणे घातले, तर पंचवीस-तीस कॅलरींत गोडी येते. राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र सोलापुरात, डाळिंबाचे मळे जिल्हाभर. मग मधाची बाटली कशाला? गुळाच्या गोड धिरड्यांनाही हाच नियम. 20 ग्रॅम गूळ म्हणजे 75 कॅलरी, साखरेपेक्षा फारसा कमी नाही.

दिवसात बसवताना

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2020 च्या शिफारशींनुसार 55 किलो वजनाच्या, बैठे काम करणाऱ्या स्त्रीची रोजची गरज सुमारे 1660 कॅलरी आहे, मध्यम कष्ट करणारीची 2130 आणि जड कष्ट करणारीची 2720. दिवसभर बसून विड्या वळणारी आणि उन्हात खुरपणी करणारी, दोघींना एकच आहारतक्ता देणे म्हणूनच चूक. पहिलीला तीन धिरडी पुरेशी आहेत, दुसरीने पाच खाल्ली तरी बिघडत नाही.

मधुमेह असलेल्यांनी आणखी एक आकडा लक्षात ठेवावा. वरच्या प्रमाणात सुमारे 45 ग्रॅम कर्बोदके आहेत. ज्वारीचे म्हणून ती नाहीशी होत नाहीत. न्याहारीनंतर दोन तासांनी साखर तपासून, डॉक्टरांच्या सल्ल्याने प्रमाण ठरवावे. धिरडी खाल्ल्या दिवशी दुपारच्या जेवणात तळण टाळावे आणि भाजी-आमटीची फोडणीही बेताची ठेवावी, म्हणजे दिवसाचे तेल आवाक्यात राहते.

ज्वारी, बेसन आणि मेथी यांना घाबरण्यासारखे काही नाही. एकच सवय लावून घ्या: पीठ भिजवण्याआधी तोला आणि तेल बाटलीतून न ओतता चमच्याने मोजून वाटीत काढा. एवढे पाळले, तर धिरडे पथ्यात बसते.