एकच रायफल, एकच काडतूस

शिकारीच्या रायफलीसाठी कोणते काडतूस निवडावे, हा प्रश्न ब्रिटनमध्ये बंदुकीच्या दुकानात नव्हे, पोलिसांकडे करायच्या अर्जावर सुरू होतो. 1968च्या फायरआर्म्स ॲक्टनुसार तिथे रायफलीसाठी सबळ कारण दाखवावे लागते. परवान्यावर तिचा बोअर नोंदला जातो, आणि काडतुसे एका वेळी किती घ्यायची, किती जवळ ठेवायची याचे आकडेही त्यावरच असतात. दुसरी रायफल हवी तर तिचे निराळे काम पटवून द्यावे लागते. त्यामुळे अनेकांना एकाच रायफलीवर सगळे भागवायचे असते: शेळ्या-मेंढ्यांच्या पिलांवर टपणारा कोल्हा, वीस-पंचवीस किलोचे रो डिअर आणि दीडशे किलोच्या पुढेही जाणारा रेड डिअरचा नर. या देशातून लांडगे आणि लिंक्स नाहीसे होऊन शतके लोटली आहेत. हरणांची संख्या आवरली नाही तर ती कोवळी रोपे फस्त करतात आणि जंगल नव्याने उगवतच नाही. काम गरजेचे असेल, तर ते जनावराला तडफडत न ठेवता व्हायला हवे. माझ्या मते काडतुसाची खरी कसोटी हीच आहे, आणि तिला उत्तम उतरते ते स्वीडन-नॉर्वेचे जुने 6.5×55.

कायद्याने आखलेल्या रेषा आधी पाहू. इंग्लंडमध्ये बहुतेक हरणांसाठी बोअर किमान .240 इंच आणि नळीच्या तोंडाशी गोळीची ऊर्जा किमान 1,700 फूट-पौंड लागते. गोळी मऊ किंवा पोकळ टोकाची असावी लागते, कारण लष्करी धाटणीची पूर्ण कवचाची गोळी आरपार निघून जाते आणि जनावर जखमी होऊन पळते. स्कॉटलंड बोअर पाहत नाही. मोठ्या हरणांसाठी तिथे वेग सेकंदाला 2,450 फूट आणि ऊर्जा 1,750 फूट-पौंड हवी. गोळीचे किमान वजन पूर्वी 100 ग्रेन होते, ते 2023 मध्ये 80 ग्रेनवर आणले गेले. ग्रेन म्हणजे साधारण 65 मिलिग्रॅम.

या रेषांच्या जेमतेम वर बसणारे काडतूस म्हणजे .243 विंचेस्टर. 1955चे हे काडतूस हलके, वेगवान आणि खांद्याला सौम्य आहे. कोल्हा आणि रो डिअर यांना ते पुरून उरते. कायद्याने चालते, मग पुढे कशाला जायचे, असे त्याचे पाठीराखे विचारतात. पण कायद्याची रेषा हा तळ आहे, भरवसा नव्हे. रेड डिअरचा नर किंचित तिरका उभा असेल, तर गोळीला खांद्याचे हाड आणि जाड स्नायू भेदून फुप्फुसापर्यंत पोचावे लागते. जर्मनीच्या कायद्याने हे स्पष्टच धरले आहे. तिथे रो डिअर सोडून इतर हरणांना आणि रानडुकरांना 6.5 मिलिमीटरच्या खालचा बोअर चालत नाही, आणि 100 मीटरवर ऊर्जा 2,000 ज्यूल उरावी लागते. 6.2 मिलिमीटरच्या आसपासचे .243 तिथे दारातच अडते.

6.5×55चा जन्म 1890च्या दशकातला, तोही सैन्यासाठी. त्याची गोळी बारीक आणि लांब असते. 140 ग्रेनचे सगळे वजन अरुंद वाटेने आत शिरते, म्हणून मध्यम वेगातही ती खोल जाते. स्कँडिनेव्हियात या काडतुसाने पिढ्यान्‌पिढ्या मूस मारले गेले आहेत, तेही जेमतेम धक्क्यात. धक्क्याचा हा मुद्दा मला फार मोलाचा वाटतो. चाप ओढताना खांदा आक्रसणाऱ्या माणसाची गोळी पोटात लागते, आणि पोटात लागलेली गोळी कितीही ताकदीची असली तरी जनावराचे हाल टळत नाहीत.

सर्वांत वजनदार आक्षेप .308 विंचेस्टरवाल्यांचा आहे. ते अधिक जोरकस आहे, त्याची काडतुसे जवळजवळ कुठेही मिळतात, आणि साठ्यावर मर्यादा असलेल्या माणसाला सहज मिळणारे काडतूस हवेच. हे मान्य करायलाच हवे. रानडुकरे आणि रेड डिअर हेच मुख्य काम असेल, तर मीही .308च सुचवीन. पण त्याचा धक्का ठळकपणे जास्त आहे, आणि बहुतेकांचे वर्ष रो डिअर आणि कोल्ह्यांमागे जाते. सायलेन्सरने धक्का कमी होतो खरा, पण तो लाभ दोघांनाही सारखाच मिळतो. 6.5 क्रीडमूर हे 6.5×55चे 2007मधले नवे भावंड आखूड यंत्रणेत बसते. जनावराच्या दृष्टीने दोघांत सांगण्याजोगा फरक नाही.

कायदा काडतुसांना कसा वळवतो, याचा दाखला आपल्याकडेही आहे. बंडखोरांच्या हातातल्या मार्टिनी-हेन्री रायफलींना दारू-गोळा मिळू नये म्हणून ब्रिटिश सरकारने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हिंदुस्थानात .450 बोअरवर बंदी घातली, आणि लंडनच्या बंदूकवाल्यांनी वाघ-गव्यांच्या शिकारीसाठी .470 आणि .465सारखे बोअर पुढे आणले. आज तसाच दाब शिशाविरुद्ध आहे. शिशाचे कण मांसात आणि गिधाडवर्गी पक्ष्यांच्या पोटात जातात, म्हणून तांब्याच्या गोळ्या येत आहेत. तांबे शिशापेक्षा हलके, त्यामुळे त्याच लांबीची गोळी वजनाने कमी भरते. स्कॉटलंडने वजनाची अट सैल केली ती यासाठीच. 6.5×55मध्ये 120 ग्रेनची तांब्याची गोळी वेग आणि ऊर्जा या दोन्ही अटी पाळते. एक काळजी मात्र घ्यावी लागते: 156 ग्रेनची जड गोळी आखूड नळीतून सोडली, तर ती 2,450 फुटांच्या खाली येऊ शकते. म्हणून स्कॉटलंडात जाणाऱ्याने 120 ते 140 ग्रेनमध्येच राहावे आणि डब्यावर छापलेल्या वेगावर न विसंबता स्वतःच्या नळीतून तो मोजून घ्यावा.