स्कॉलरशिप मिळाली, पण खर्च कमी झाला का?

अमेरिकेतल्या कॉलेजांत आर्थिक मदत दोन तऱ्हेची असते: गुणवत्तेवर दिलेली आणि गरज पाहून दिलेली. नावं दोन, पण हिशोब एकाच वहीत होतो. खरी गोम तिथेच आहे.

गरज म्हणजे वर्षाचा एकूण खर्च वजा सूत्रानं काढलेली कुटुंबाची ऐपत. (सरकारी सूत्रातल्या या आकड्याला 2024-25 पासून ‘स्टुडंट एड इंडेक्स’ म्हणतात.) समजा, खर्च 60,000 डॉलर, ऐपत 20,000. मग गरज 40,000. कॉलेजनं ती पूर्ण भागवली: 32,000 अनुदान, 8,000 कर्ज. आता मुलीला बाहेरच्या संस्थेची 5,000 डॉलरची मेरिट स्कॉलरशिप मिळाली. एकूण मदत गरजेच्या वर गेली, म्हणून कॉलेज कात्री लावतं. पण कशाला? कर्जाला लावली तर मुलीचा फायदा. अनुदानाला लावली तर पाच हजार वाचले कॉलेजचे, मुलगी होती तिथेच! याला ‘स्कॉलरशिप डिस्प्लेसमेंट’ म्हणतात. मेरीलँड राज्यानं 2017 मध्ये सरकारी कॉलेजांपुरता याला कायद्यानं लगाम घातला.

कॉलेजची स्वतःची मेरिट स्कॉलरशिपसुद्धा बऱ्याचदा याच गरजेत मोजली जाते. (आयव्ही लीगवाले ती देतच नाहीत, तो वेगळा विषय.)

त्यामुळे ‘स्कॉलरशिपमुळे गळती थांबते का?’ असा प्रश्न घेणार असाल, तर नुसती स्कॉलरशिपची रक्कम व्हेरिएबल म्हणून धरू नका. तिच्यामुळे अनुदान किती घटलं आणि कर्ज किती घटलं, हे दोन रकाने आधी मागा. मिळत नसतील तर सरळ प्रश्न बदला, असं माझं मत.