बिडी सुटण्याचे बारा आठवडे

जळगावहून अजिंठ्याकडे जाणारा रस्ता आणि पाचोरा-शेंदुर्णीहून जामनेरला जाणारा रस्ता पहूरला एकमेकांना छेदतात. त्यामुळे इथे थांबणं आलंच. एसटी बदलायची असते, कुणाची वाट बघायची असते, मालाची गाडी यायची असते. पाचोरा-जामनेरची छोटी रेल्वे 2020 पर्यंत धावत होती, तिचंही इथे स्टेशन होतं. थांबलं की चहा होतो आणि चहा झाला की हात आपोआप खिशात जातो. सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला 2 ऑक्टोबर 2008 पासून देशभर कडक बंदी आहे, म्हणून माणूस चार पावलं बाजूला सरकतो आणि काडी ओढतो. त्याला विचारा, ‘नाना, सोडायची नाही का?’ उत्तर ठरलेलं असतं: ‘सोडायची तर आहे हो, पण मनच होत नाही.’

मला हे उत्तर अर्धंच खरं वाटतं. 2016-17 साली देशभर झालेल्या प्रौढांच्या तंबाखू सर्वेक्षणात धूम्रपान करणाऱ्या निम्म्याहून अधिक लोकांनी सोडण्याचा विचार असल्याचं सांगितलं होतं. आधीच्या वर्षभरात प्रत्यक्ष प्रयत्न केलेलेही शंभरात अडतीस होते. म्हणजे मन होतं. सकाळी खोकल्याची उबळ येते तेव्हा होतं, नातू ‘आबा, वास येतो’ म्हणत तोंड फिरवतो तेव्हा तर नक्कीच होतं. ते संध्याकाळपर्यंत टिकत नाही, ही खरी अडचण आहे. मन एका क्षणात बदलू शकतं. मेंदूला मात्र जागेवर यायला महिने लागतात, आणि मधल्या काळात माणूस एकटा पडतो.

बिडी जवळून बघितली तर ती माणसाला इतकी घट्ट का धरते ते कळतं. टेंभुर्णीच्या पानात चिमूटभर तंबाखू आणि वर दोऱ्याचा वेढा. तंबाखूचं वजन साधारण पाव ग्रॅमच्या आत-बाहेर, सिगारेटच्या तुलनेत फारच कमी. पण हे पान सिगारेटच्या कागदासारखं सच्छिद्र नसतं. त्यातून हवा खेळत नाही, म्हणून बिडी आपली आपण जळत नाही, जरा बोलत बसलं की विझते. ती पेटती ठेवायची तर लागोपाठ झुरके मारावे लागतात आणि ते खोल ओढावे लागतात. त्यामुळे तंबाखू कमी असूनही निकोटिन, डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड छातीत भरपूर उतरतं. ‘बिडीच तर आहे, सिगारेट थोडीच’ ही समजूत इथेच कोसळते. प्रभात झा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतातल्या लाखो घरांमधल्या मृत्यूंचा अभ्यास 2008 मध्ये प्रसिद्ध केला. बिडी ओढणाऱ्या पुरुषांचं आयुष्य सरासरी 6 वर्षांनी आणि बायकांचं 8 वर्षांनी कमी होतं, असं त्यात दिसलं. सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांची 10 वर्षं जातात.

झुरका मारल्यापासून दहा ते वीस सेकंदांत निकोटिन मेंदूत पोहोचतं. तिथल्या पेशींवर त्याला धरून ठेवणारी ग्राहक-स्थानं असतात. निकोटिन तिथे बसलं की डोपामिन सुटतं आणि क्षणभर बरं वाटतं. रोज दहा-वीस वेळा हे झालं की मेंदू या स्थानांची संख्या वाढवून ठेवतो. रक्तातलं निकोटिन साधारण दोन तासांत निम्म्यावर येतं. मग ही वाढलेली स्थानं रिकामी पडतात, चिडचिड सुरू होते, लक्ष लागत नाही. तीच तलफ. रात्रभर झोपेत निकोटिन उतरत जातं, म्हणून सकाळची पहिली बिडी सगळ्यात गोड लागते. व्यसन किती खोल आहे हे मोजायला डॉक्टर फागरस्ट्रॉम यांच्या नावाची प्रश्नावली वापरतात. तिच्यातल्या सगळ्यात वजनदार प्रश्नांपैकी एक एवढाच असतो, की उठल्यावर किती मिनिटांत पेटवता? पाच मिनिटांच्या आत असेल तर पकड पक्की आहे.

आपल्याकडे बिडी न सोडण्याची दोन कारणं फार ऐकू येतात, त्यांच्याकडे मात्र नीट बघायला हवं. पहिलं, ‘टेन्शन आलं की ओढतो.’ कापसाला भाव नाही, केळीला वाऱ्याने आडवं केलं, सोसायटीचं कर्ज उभं आहे. ही टेन्शनं खोटी नाहीत. पण बिडी ओढल्यावर जे हलकं वाटतं, त्यातला मोठा भाग मागची बिडी उतरल्यामुळे आलेली अस्वस्थता निवण्याचा असतो. भाव तिथेच असतो, कर्जही तिथेच असतं. 2014 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा आला. धूम्रपान सोडलेल्यांची चिंता, उदासी आणि ताण न सोडलेल्यांपेक्षा कमी झाल्याचं त्यात आढळलं. सोडल्यावर डोकं फिरेल अशी भीती बाळगणाऱ्याला हे कुणीतरी स्पष्ट सांगायला हवं, कारण पहिले काही दिवस डोकं खरंच फिरतं आणि तेव्हा त्याला वाटतं की आता जन्मभर असंच राहणार.

दुसरं कारण लोक जरा हळू आवाजात सांगतात: ‘ओढल्याशिवाय पोट साफ होत नाही.’ हसून सोडून देण्यासारखी ही गोष्ट नाही. निकोटिन आतड्यांची हालचाल वाढवतं आणि ते थांबलं की अनेकांना खरोखरच बद्धकोष्ठ होतं. पहाटे दोन-तीन दिवस पोट साफ झालं नाही की माणूस चौथ्या दिवशी बिडी पेटवतो आणि सगळा निश्चय परसाकडेच संपतो. या अडचणीला उपाय साधा आहे. उठल्याबरोबर दोन पेले कोमट पाणी, दादर ज्वारीची भाकरी, रोज पालेभाजी, थोडं चालणं, आणि तरीही नाहीच जमलं तर डॉक्टरांना विचारून काही दिवसांपुरतं औषध. काही आठवड्यांत आतडी आपल्या वळणावर येतात. समुपदेशन करणाऱ्याने हा प्रश्न आपणहून विचारावा, असं मला मनापासून वाटतं. लाजेपायी माणूस बोलत नाही आणि तेवढ्यासाठी हरतो.

आता प्रेरणेबद्दल. आपण बहुतेक वेळा भीतीवर भिस्त ठेवतो. 16 फेब्रुवारी 2015 रोजी राज्याचे माजी उपमुख्यमंत्री आर. आर. पाटील तोंडाच्या कर्करोगाने गेले. त्यांची तंबाखूची सवय महाराष्ट्राला ठाऊक होती आणि ते गेले तेव्हा गावोगाव हळहळ झाली. त्यानंतर दीड-दोन वर्षांनी झालेल्या, वर सांगितलेल्या 2016-17 च्या सर्वेक्षणात राज्यातले 26.6 टक्के प्रौढ तंबाखू घेत होते. त्यात ओढणारे 3.8 टक्के आणि चघळणारे, मशेरी लावणारे वगैरे 24.4 टक्के, काही जण दोन्हींत. भीती माणसाला हलवते, पण तिची धार लवकर बोथट होते. शिवाय भ्यालेल्या माणसाला तलफ जास्तच येते.

इंग्लंडमधल्या हर्टफर्डशरला झालेला एक प्रयोग मला यासाठीच महत्त्वाचा वाटतो. पस्तिशीपुढच्या 561 धूम्रपान करणाऱ्यांना नळीत जोरात फुंकायला लावून त्यांच्या फुप्फुसांची ताकद मोजली. अर्ध्यांना निकाल नुसत्या आकड्यात सांगितला, बाकीच्यांना ‘तुमचं फुप्फुस अमुक वर्षांच्या माणसासारखं आहे’ अशा भाषेत. वर्षभराने पहिल्या गटात 6.4 टक्के आणि दुसऱ्या गटात 13.6 टक्के लोकांनी सोडलेली होती. खरी विचार करायला लावणारी बाब पुढे आहे. ज्यांचं फुप्फुस म्हातारं निघालं त्यांनी जास्त सोडली, असं झालं नाही. फुप्फुस वयाला धरून निघालेल्यांनीही तेवढीच सोडली. म्हणजे काम भीतीने केलं नव्हतं. कुणीतरी आपल्याच शरीराबद्दल, आपल्याला कळेल असं, समोर बसून सांगितलं, यानेच फरक पडला असावा.

सोडण्याचा क्षण कसा येतो याचा रॉबर्ट वेस्ट या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने अभ्यास केला. तारीख ठरवून, तयारी करून सोडणाऱ्यांपेक्षा अचानक ‘बस्स, आजपासून नाही’ म्हणणाऱ्यांचे प्रयत्न अधिक टिकले, असं त्यांना 2006 मध्ये दिसलं. साचलेल्या असमाधानावर एखादी ठिणगी पडते आणि माणूस उठतो. त्यामुळे गुरुपौर्णिमेपासून, पोळ्यापासून, कापूस विकल्यावर असं पुढे ढकलत राहण्यात अर्थ नाही. ज्या दुपारी मन उठलं, त्याच दुपारी बंडल आणि काडेपेटी घराबाहेर गेली पाहिजे.

आणि मग बारा आठवडे. पहिले दोन-तीन दिवस सगळ्यात अवघड असतात, तेव्हा त्रास टोकाला जातो. दोन ते चार आठवड्यांत चिडचिड, झोपमोड हे बहुतेक ओसरतं. मेंदूच्या छायाचित्रणातून असं दिसलं आहे, की निकोटिनसाठी वाढलेली ती ग्राहक-स्थानं सहा ते बारा आठवड्यांत न ओढणाऱ्याच्या पातळीवर येतात. आता आपल्या पंचांगाकडे बघा. गावात अखंड हरिनाम सप्ताह बसतो तो सात दिवसांचा, सगळ्यात कठीण दिवस त्यात निघून जातात. श्रावण महिनाभराचा, त्यात शरीराचा त्रास संपतो. आषाढी ते कार्तिकी हा चातुर्मास चार महिन्यांचा, त्यात मेंदूची दुरुस्ती होऊन वर वेळ उरतो. चातुर्मासात एखादी गोष्ट वर्ज्य करण्याचा नेम आपल्या आजीला नवा नव्हता. रमजानमध्ये रोजा धरणारा माणूस तर पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत बिडीला हात लावत नाही, म्हणजे तेरा-चौदा तास राहू शकतो हे तो दरवर्षी स्वतःला दाखवून देतो. इफ्तारनंतरची ती एक तेवढी गळाली पाहिजे.

वारकरी माळेचं काम याहून खोल आहे. मुक्ताईनगरहून पालखी निघते तेव्हा माळ घातलेल्या माणसाला कुणी बिडी पुढे करत नाही. त्याला ‘नको’ म्हणावं लागत नाही, माळच बोलते. वेस्ट यांच्या मांडणीत टिकाऊ प्रेरणेचा सगळ्यात भक्कम आधार म्हणजे माणसाची स्वतःबद्दलची ओळख. ‘मी सोडायचा प्रयत्न करतोय’ म्हणणारा दर तलफेला स्वतःशी वाद घालतो, ‘मी ओढत नाही’ म्हणणाऱ्याचा वाद एकदाच मिटलेला असतो. माळ न घालणाऱ्यालाही हे वाक्य म्हणता येतं, फक्त ते चारचौघांत मोठ्याने म्हणायला हवं.

निश्चयाला औषधाची जोड घेण्यात कमीपणा नाही. कुणाच्याही मदतीशिवाय सोडणाऱ्या शंभरांपैकी तीन ते पाच जणच सहा महिने ते वर्षभर टिकतात, असं संशोधन सांगतं. निकोटिनच्या च्युइंगगमने किंवा पट्टीने ही शक्यता जवळपास दीडपट होते, व्हॅरेनिक्लिन या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणाऱ्या गोळीने त्याहून वाढते. गम मात्र बहुतेक जण चुकीचा खातात. तो गोळीसारखा चघळून संपवायचा नसतो. दोन-चारदा चावायचा, जिभेला झिणझिणी आली की गाल आणि हिरडीच्या मध्ये दाबून ठेवायचा, झिणझिणी गेली की पुन्हा चावायचा. भराभर चावला तर निकोटिन लाळेबरोबर पोटात जातं आणि उचकी, मळमळ होते. चहानंतर लगेच खाल्ला तर तोंडातल्या आंबटपणामुळे ते नीट शोषलं जात नाही, पंधरा मिनिटं जाऊ द्यावीत. गरोदर बाई असेल किंवा हृदयविकार असेल तर आधी डॉक्टरांना विचारायचं.

तलफेची एक लाट बहुधा पाच-दहा मिनिटांची असते. तेवढ्यात पाणी प्यावं, उठून चालावं, कुणाला तरी फोन लावावा, किंवा चहाची जागाच बदलावी. बिडी सोडून तंबाखूची पुडी धरण्यापासून मात्र सावध राहायला हवं. त्यात निकोटिन तेच राहतं, फक्त धोका छातीकडून तोंडाकडे जातो. नवव्या किंवा चाळिसाव्या दिवशी एखादी ओढली गेली तर ‘झालं, आता गेलंच’ म्हणून अख्खं बंडल आणू नये, त्याच संध्याकाळी पुन्हा बंद करावी.

सोडणारा एकटा असू नये यालाही पुरावा आहे. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावातल्या 12 हजारांहून अधिक लोकांची 32 वर्षांची माहिती तपासली तेव्हा दिसलं, की माणसं एकेकटी सोडत नाहीत, गटच्या गट सोडतात. नवरा-बायकोपैकी एकाने सोडली की दुसऱ्याने ओढत राहण्याची शक्यता 67 टक्क्यांनी कमी होते, मित्राने सोडली तर 36 टक्क्यांनी. पारावर रोज एकत्र बसणाऱ्या पाच जणांनी एकाच दिवशी सोडली, तर पाचांची तलफ पाच जण सांभाळतात आणि कुणाच्याही खिशात काडेपेटी नसते. असं कुणी सोबतीला नसेल तर 1800-11-2356 हा सरकारी नंबर आहे. तो फुकट आहे आणि 2018 पासून तंबाखूच्या पाकिटांवर छापलेला असतो. ही सेवा चालवणाऱ्या केंद्रांपैकी एक मुंबईचं टाटा मेमोरियल आहे. बंडल फेकून देण्याआधी त्यावरचा नंबर मोबाइलमध्ये टाकून ठेवावा आणि पहिला फोन तलफेची वाट न बघता त्याच दिवशी करावा.