हार्डवेअर तेच, ड्रायव्हर दुसरा: लिनक्समध्ये ही अदलाबदल कशी होते?

कॉम्प्युटरला नवा माऊस लावला की काही क्षणांत चालू होतो. आपण काहीच केलेलं नसतं. मग हे उपकरण कोणत्या ड्रायव्हरने चालवायचं, हे ठरवतं कोण? आणि तो निर्णय आपल्याला बदलता येतो का?

लिनक्समध्ये येतो. कसा, ते समजून घेऊया.

जोडी कशी जमते?

ड्रायव्हर म्हणजे कर्नल आणि हार्डवेअर यांच्यातला दुभाषी. ग्राफिक्स कार्डासारखं प्रत्येक पीसीआय उपकरण आपली ओळख क्रमांकांत सांगतं: एक कंपनीचा, एक मॉडेलचा. इंटेलचा क्रमांक आहे ८०८६, म्हणजे तिच्या १९७८ च्या गाजलेल्या प्रोसेसरचं नाव!

आपण कोणती उपकरणं चालवू शकतो, याची यादी प्रत्येक ड्रायव्हरकडे असते. क्रमांक जुळला की कर्नल ड्रायव्हरला विचारतं, 'हे तुझं का?' त्याने होकार दिला की जोडी पक्की. याला 'बाइंडिंग' म्हणतात. एका वेळी एका उपकरणाला एकच ड्रायव्हर.

मग बदलायचं कशाला?

कधी एकाच कार्डासाठी दोन ड्रायव्हर असतात. एनव्हिडियाच्या कार्डांसाठी कंपनीचा स्वतःचा ड्रायव्हर आहे, आणि स्वतंत्र डेव्हलपर्सनी सुरू केलेला 'नूवो'सुद्धा.

दुसरं कारण गेमर्सच्या ओळखीचं. लिनक्सवर व्हर्च्युअल मशीनमध्ये विंडोज चालवायचं आणि खरं ग्राफिक्स कार्ड थेट त्याच्या हवाली करायचं. त्यासाठी कार्ड नेहमीच्या ड्रायव्हरकडून काढून 'व्हीएफआयओ-पीसीआय' या ड्रायव्हरकडे द्यावं लागतं.

अदलाबदल कशी होते?

लिनक्समध्ये 'सिस-एफएस' नावाची व्यवस्था आहे. तिथे प्रत्येक उपकरण आणि ड्रायव्हर फोल्डरसारखा दिसतो.

१. जुन्या ड्रायव्हरच्या फोल्डरमधल्या 'अनबाइंड' फाइलमध्ये उपकरणाचा पत्ता लिहायचा. जोडी तुटते.
२. उपकरणाच्या 'ड्रायव्हर ओव्हरराइड' फाइलमध्ये नव्या ड्रायव्हरचं नाव लिहायचं.
३. कर्नलला पुन्हा जोडी जुळवायला सांगायचं.

बाइंड-अनबाइंडची सोय २००५ मध्ये आली, ओव्हरराइड २०१४ मध्ये. मधल्या काळात एक अडचण होती. नव्या ड्रायव्हरला फक्त मॉडेलचा क्रमांक सांगता यायचा. एकाच मॉडेलची दोन कार्डं असली तर 'हे घे, ते नको' सांगणं अवघड व्हायचं. ओव्हरराइडमुळे नेमकं एकच उपकरण निवडता येतं.

धोका कुठे आहे?

हे करायला रूट अधिकार लागतात, आणि अनबाइंड करताना कर्नल 'नक्की का?' असं विचारत नाही. ज्या डिस्कवर सिस्टिम चालू आहे तिचाच कंट्रोलर सोडवला, तर मशीन जागच्या जागी अडकतं आणि सेव्ह न झालेला डेटा जाऊ शकतो.

सुरक्षेचा मुद्दाही आहे. अनेक उपकरणं मेमरी थेट वाचू-लिहू शकतात. त्यांना मर्यादेत ठेवतं 'आयओएमएमयू' हे हार्डवेअर. ते उपकरणांचे गट करतं आणि व्हर्च्युअल मशीनला देताना अख्खा गट यजमान सिस्टिमच्या वापरातून काढावा लागतो. म्हणूनच ग्राफिक्स कार्डासोबत त्याचा एचडीएमआय ऑडिओही द्यावा लागतो.

दिलासा एवढाच, की सिस-एफएसमधले हे बदल कायमचे नसतात. रीस्टार्ट केलं की जुनी जोडी परत जमते. त्यामुळे प्रयोग करायचाच असेल, तर आधी काम सेव्ह करा आणि पत्ता दोनदा तपासा.