समजल्याचा भास

हार्वर्डचे भौतिकशास्त्रज्ञ एरिक मझूर यांची व्याख्याने विद्यार्थ्यांना आवडत. १९९० च्या सुमारास त्यांनी वर्गाला न्यूटनच्या नियमांवरचे साधे, आकडेमोड नसलेले प्रश्न दिले, तेव्हा अवघड गणिते सोडवणारी मुलेही अडखळली. सूत्र पाठ होते. जड ट्रक आणि हलकी मोटार धडकली तर दोघांवरचे बल सारखेच असते, हे पटलेले नव्हते.

मझूर यांनी रीत बदलली. थोडे सांगून एक प्रश्न टाकायचा. प्रत्येकाने आधी स्वतः उत्तर नोंदवायचे, शेजाऱ्याशी वाद घालायचा आणि पुन्हा उत्तर द्यायचे. नुकतेच समजलेल्याला अडण्याची जागा आठवत असते. प्राध्यापक ती केव्हाच विसरलेला असतो.

विज्ञान, अभियांत्रिकी व गणिताच्या वर्गांवरील २२५ अभ्यासांचा आढावा २०१४ साली प्रसिद्ध झाला. निव्वळ व्याख्यानांच्या वर्गांत सरासरी ३४ टक्के विद्यार्थी नापास होत, मुलांना कामाला लावणाऱ्या वर्गांत २२. तरीही २०१९ मध्ये हार्वर्डमध्येच आढळले, की अशा वर्गात मुले जास्त शिकतात, पण आपण कमी शिकलो असे त्यांना वाटते. ओघवते व्याख्यान समजल्याचा भास देते.

रंगलेली व्याख्याने ऐकतच मी घडलो. म्हणून हा निष्कर्ष मला बोचतो. त्यांतले मला किती समजले, हे तेव्हा कुणी विचारले नाही. मीही स्वतःला विचारले नाही.