तोंडपाठ शिदोरी

हल्ली दूधवाल्याच्या आधी सुविचारांचा रतीब येतो. डोळे चोळीत फोन हातात घ्यावा, तो कुणी गुलाबाच्या फुलावर, कुणी उगवत्या सूर्यावर दोन-चार धीराच्या ओळी छापून पाठवलेल्या असतात. आपण त्या वाचतो, हात जोडल्याचे चित्र उलट पाठवतो आणि चहाचे आधण ठेवतो. आधणाला उकळी येईतो ओळी विसरलेल्याही असतात. पाठवणाऱ्यांचा यात दोष नाही. प्रेमानेच पाठवतात बिचारे! पण नवल याचे वाटते, की रोज एवढा धीर घरोघर वाटला जात असूनही खरी वेळ येते तेव्हा तोंडी येतात त्या जुन्याच ओळी. असे का व्हावे?

मनाच्या श्लोकांचेच पाहा. समर्थ रामदासांनी सतराव्या शतकात रचलेले हे 205 श्लोक पिढ्यान्‌पिढ्या मुलांनी दिवेलागणीला म्हटले, आणि तेही अर्थ कळण्याच्या कितीतरी आधी. आजच्या शिक्षणतज्ज्ञाने कपाळाला हात लावावा अशीच ही पद्धत! पण त्या श्लोकांचे वृत्त आहे भुजंगप्रयात. ओळीत 12 अक्षरे. एक लघु आणि दोन गुरू, अशी चार पावले. चालत्या माणसाच्या पायाशी जुळावी अशीच ही चाल. रामदासी भिक्षेला निघत ते हेच श्लोक म्हणत. वृत्त एकदा अंगात मुरले की शब्द सहसा सांडत नाही. सांडलाच तर ओळ लंगडते आणि आपली चूक आपल्यालाच कळते.

पण नुसत्या चालीने कविता जगत नाही. समर्थ या श्लोकांत बोलतात कुणाशी? मनाशी. आपण श्लोक म्हणू लागलो की समर्थ बाजूला राहतात आणि आपलेच आपल्या मनाशी बोलणे सुरू होते. माझ्या मते सारे मर्म इथेच आहे.

मला ते उमगले एका रुग्णालयाच्या व्हरांड्यात. आत धाकट्या बहिणीवर शस्त्रक्रिया चालू होती. भेटायला आलेले एक गृहस्थ म्हणाले, “धीर सोडू नका. मन खंबीर ठेवा.” हेतू चांगला होता, पण शब्द बोचले. ज्याचे कुणी आत नाही त्याला खंबीर राहायला काय जाते? ते गेले, आणि थोड्या वेळाने माझ्या लक्षात आले, की मी ओठातल्या ओठात श्लोक म्हणते आहे. सांगणे जवळजवळ तेच होते. फरक इतकाच, की आता सांगणारीही मी होते आणि ऐकणारीही मीच. बहीण बरी झाली ती डॉक्टरांमुळे. श्लोकांमुळे झाली असे मी मुळीच म्हणणार नाही. श्लोकांनी एवढेच केले, की डॉक्टर बाहेर येऊन बोलू लागले तेव्हा त्यांचे बोलणे मला नीट ऐकू आले.

बहिणाबाई चौधरींची गाणी वाचताना मला हेच जाणवते. जळगावजवळच्या आसोद्याची, 1880 साली जन्मलेली ही लेक. अक्षरओळख नाही आणि तिशीतच वैधव्य. घरकाम आणि शेतकाम करता करता त्या गाणी रचीत आणि गात. घरातल्यांनी त्यांतली काही कागदावर उतरवून घेतली. 1951 साली बहिणाबाई गेल्या आणि 1952 साली आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह त्यांची गाणी पुस्तकरूपाने आली. शाळेचे तोंड न पाहिलेल्या या बाईचे नाव 2018 साली जळगावच्या विद्यापीठाला देण्यात आले! पण गाणी रचताना त्यांच्यासमोर ना वाचक होता, ना व्यासपीठ. समोर होते दळण आणि पुढचा दिवस. जगाला शहाणे करण्यासाठी नव्हे, तर स्वतःचा दिवस पार पाडण्यासाठी म्हटलेले शब्द होते ते. म्हणूनच आपलाही दिवस ते पार पाडतात.

मुले विचारतात, “सगळे फोनमध्ये असताना पाठ कशाला करायचे?” प्रश्न रास्त आहे. पण फोनमधली कविता शोधण्यासाठी आधी ती आठवावी लागते, आणि जेव्हा तिची खरी गरज असते तेव्हा हात कापत असतात, चष्मा सापडत नसतो. तोंडपाठ कविता मात्र बोलावण्याची वाटही पाहत नाही.

तेव्हा यंदा फराळाच्या डब्यांबरोबर घरात एखादी कविता पाठ करायला घ्यावी. श्लोक नकोसे वाटले तर कुसुमाग्रजांची ‘कणा’ घ्या. चार दिवसांत सहज होईल एवढीशी आहे. मुलांवर सक्ती नको. मोठ्यांनी काम करता करता मोठ्याने म्हणावी. मुले ऐकता ऐकता उचलतात. एक पथ्य मात्र पाळावे. दुसऱ्याच्या दुःखात ती त्याला ऐकवू नये. तिथे नुसते जवळ बसावे. धीराची कविता ज्याची त्यानेच म्हणायची असते.